मोटारीचं पासिंग आणि आबांचं वंगण

नातवानं परवा त्याची जुनी पिकअप पासिंगला नेली आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. वर्षाची तपासणी होती. आता म्हणे माणूस गाडी तपासतच नाही. फिरत्या लोखंडी रुळांवर उभी करतात आणि ब्रेक लागतो की नाही ते यंत्र सांगतं. यंत्रानं नाही म्हणून सांगितलं. नातसून म्हणाली, नीट करून पुन्हा न्या, त्यात एवढं काय? खरं आहे, त्यात एवढं काही नाही. पण मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते आणि मला त्या पोराचं तोंड बघवेना. असंच तोंड मी एकदा पाहिलं होतं, माझ्या वडलांचं, हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर. आता लिहायला बसलं की हात भरून येतो, एका अक्षराची दोन दिसतात, आणि दुपार टळली की जगण्याचाच कंटाळा येतो. तरी एवढं लिहून टाकते. त्या दिवशी तिथं जे होते, त्यांच्यातली आता मी एकटीच उरले आहे.

आमचं गाव हिंगोलीहून कळमनुरीला जाणाऱ्या सडकेला लागून. शेत बेताचं होतं, म्हणून माझे आजोबा भाड्यानं बैलगाडी हाकायचे. त्यांना सगळं घर आबा म्हणायचं आणि घराबरोबर निम्मं गावही. सुगी झाली की खेड्यापाड्यांतला कापूस हिंगोलीच्या जिनिंगला नेऊन टाकायचा, येताना मीठ, गूळ, घासलेट, नाहीतर कुणाची सासरहून येणारी लेक आणायची, हा त्यांचा धंदा. माणूस तिरसट, पण गाडीच्या बाबतीत हळवा. चाक कुरकुरलं की दाताखाली खडा यावा तसं तोंड करायचे. गाडीच्या खाली त्यांनी बांबूचा एक नळा टांगलेला असायचा आणि त्यात वंगण, म्हणजे एरंडेलात राख खलून केलेलं काळं, चिकट तेल. रोज सकाळी बैलांना वैरण टाकण्याआधी ते चाकांना वंगण घालायचे. आमच्या घरात दिवस उजाडायचा तोच त्या वासानं. आणि नुसत्या आपल्याच गाडीला नाही. वाटेत एखादी परकी गाडी कुरकुरत भेटली, तर हे आपली गाडी थांबवून खाली उतरायचे, 'काय रे, तुला कानं न्हाईत व्हय?' म्हणून त्या माणसाची हजेरी घ्यायचे, आणि शिव्या देत देतच आपलं वंगण त्याच्या चाकाला घालायचे. पंचक्रोशीतले गाडीवान त्यांना भ्यायचे आणि त्यांच्याच वंगणावर जगायचेही.

अशा माणसाच्या पोटी माझे वडील निपजले मोटारवाले. त्यांना आम्ही दादा म्हणत होतो. आबांबरोबर कापूस घेऊन जिनिंगला जाता जाता त्यांना तिथल्या शेटजींच्या मोटारीचं वेड लागलं. आधी ती धुतली, मग ढकलली, मग शेटजींच्या ड्रायव्हरच्या पाया पडून चालवायला शिकले. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी दादांच्या गळ्यात पडली. माणसं बसायची मोटार होती ती. दादांनी सुताराकडून तिचा मागचा भाग कापून घेतला आणि तिथं फळ्यांचा उघडा डबा बसवला. पुढं दोघांनी बसायचं, मागं ज्वारीची पोती, कोंबड्या, बाजारची माणसं. आजची पिकअप म्हणतात ती हीच, फक्त आम्हाला ते नाव ठाऊक नव्हतं. आबा तिला 'डबडं' म्हणायचे. दादांनी पहिल्यांदा ती दारात आणली तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे मायनं, तिला हळदीकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि आबा मात्र गोठ्यात बैलाच्या अंगावरून हात फिरवत उभे राहिले. त्यानंतर किती तरी वर्षं त्यांनी त्या मोटारीला हात लावला नाही.

जगातल्या मोठ्या लढाईचे दिवस आले आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मग सगळ्यांनी लावली तशी दादांनीही डब्याच्या कोपऱ्यात एक उंच लोखंडी शेगडी लावून घेतली. तिच्यात कोळसे पेटवायचे, हातानं पंखा फिरवायचा, आणि त्या धुरातून जो काय गॅस निघेल त्यावर मोटार चालायची. चालायची म्हणजे रुसत, खोकत. सकाळी भाकरीआधी मायला पंखा फिरवावा लागे. तिच्या लुगड्याला, आमच्या केसांना, दह्याच्या गाडग्यालासुद्धा कोळशाचा वास. ती कधी कधी वैतागून म्हणायची, 'घरातली चूल एक पेटवावी का ही दारातली?' आबांना याचं मोठं समाधान. 'बैल बरा की न्हाई? त्याला फुकायला लागत न्हाई.' मला हसू यायचं, पण दादांचं तोंड पाहून मी ते गिळून टाकत असे. तो माणूस दमलेला होता. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्या डबड्याच्या खाली नाहीतर वर.

वर्षातून एकदा पासिंग असे. मोठा इन्स्पेक्टर बाहेरून यायचा आणि छावणीच्या मैदानावर आजूबाजूच्या सगळ्या जुन्या मोटारी, लाऱ्या ओळीनं उभ्या राहायच्या. त्याच्या आधी आठवडाभर आमच्या घरात लग्नघर. फळ्यांना रंग, दिव्यांच्या काचांना राख, तुटलेल्या पायरीला तार. ड्रायव्हर लोकांचा आपापसात मोठा भाईचारा होता. चांगला वाजणारा भोंगा सगळ्यांत मिळून एकच; तो ओळीत पुढून मागं सरकत जायचा, ज्याचा नंबर येईल त्याच्या गाडीवर बसायचा. साहेबाला तो आवाज पाठ झाला असला पाहिजे. एखादं बरं टायरही असंच फिरायचं. साहेब काही दुष्ट नव्हता. वाळलेला, सारखा खोकणारा, धुळीनं पांढरा झालेला माणूस. भोंग्याचं त्यानं कधी काढलं नाही. फक्त एका गोष्टीत ऐकून घ्यायचा नाही, ती म्हणजे ब्रेक. मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारलेल्या असायच्या. पहिल्या रेघेवर ब्रेक दाबायचा आणि दुसरीच्या आत गाडी उभी राहिली पाहिजे. राहिली तर वर्षाची भाकरी मिळाली. आमच्या घरी मोटारीशिवाय भाकरीला दुसरा आधार तोवर उरलेला नव्हता, कारण आबांचा एक बैल म्हातारा होऊन गेला होता आणि दुसऱ्याला जोडी आणली नव्हती.

पासिंग झालं की मोटार तशीच औंढ्याला न्यायची आणि नागनाथाला नारळ फोडायचा, असा दादांचा नेम होता. मायला वर्षातून गावाबाहेर पडायला तेवढाच एक दिवस मिळायचा. ती आदल्या दिवशीच दशम्या, तिळाची चटणी आणि धपाटे करून ठेवायची, फडक्यात बांधायची, आणि ते फडकं उशाशी घेऊन झोपायची. आबा या वारीला कधी यायचे नाहीत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ते आले. झालं होतं असं, की पावसाळ्यात आबांना ताप चढला, शुद्ध हरपली, आणि दादांनी त्यांना त्याच डबड्यात गोधडीवर निजवून चिखलातून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. आबा वाचले. घरी आले, आणि त्यानंतर मी त्यांना एकदोनदा मोटारीपाशी उभं असलेलं पाहिलं. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवून उभे. पुढं एक दिवस दादा बाजारातून आले, दारात ब्रेक दाबला, आणि मोटार नेहमीसारखी किंचाळली. तिच्या मागच्या चाकांना लोखंडी ढोल होते, आणि ब्रेक दाबला की बाहेरून पट्टे त्या ढोलांना आवळायचे. तो पट्ट्यांचा आवाज. आबा ओट्यावरून म्हणाले, 'नामदेवा, चाक कोरडं पडलं बघ तिचं.' दादा दमलेले होते, हातपाय धुत होते. 'व्हय आबा,' एवढंच म्हणाले. बाप कधी नव्हे ते मोटारीबद्दल बरं बोलतोय, तर त्याला आता कुठं समजावत बसा, असं त्यांना वाटलं असेल. नाहीतर त्यांनी ऐकलंही नसेल.

पासिंगच्या दिवशी सकाळी दादा आडावर अंघोळीला गेले होते. मी अंगण झाडत होते. आबा आपला बांबूचा नळा घेऊन मोटारीपाशी आले, उकिडवे बसले आणि काडीनं चाकाला वंगण घालू लागले. या चाकाचं झालं की त्या चाकाचं, मागच्या चाकांना तर सढळ हातानं. तोंडानं पुटपुटत होते, बैलाशी बोलायचे तसं. 'सबूर, सबूर. झालं आता.' मी त्यांना लहानपणापासून चाकांना वंगण घालतानाच पाहिलं होतं, मला त्यात नवल कशाचं? उलट बरं वाटलं. मायही दारातून बघत होती. ती माझ्याकडं पाहून हसली आणि म्हणाली, 'कौसा, मामंजींचं मन वळलं बाई एकदाचं.'

मग आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि दादांच्या शेजारी पुढं जाऊन बसले. नळा पायाशी घेतला. औंढ्याच्या वाटेवर पुन्हा एक हात मारायचा त्यांचा बेत होता. दादांना इतका आनंद झाला की नळा कशाला म्हणूनही त्यांनी विचारलं नाही. मी आणि माय मागं, कोळशाच्या पोत्यावर. पट्टे आजच्या दिवसापुरते जपायचे म्हणून दादा सारी वाट ब्रेकला पाय न लावता, हळूहळू, गिअरवरच मोटार आवरत आले. मैदानावर वळली तेव्हा आबा पुढून ओरडून म्हणाले, 'काय नामदेवा, वरडली का आज?' दादा हसले. बापलेकांना एकत्र हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते नीट आठवतं.

आमचा नंबर आला तशी आबा, माय आणि मी, आम्ही तिघं उतरून कडेला उभी राहिलो. भोंगा वाजला, दिवे झाले. दादांनी मोटार लिंबाखालून सुरू केली. दुसऱ्या रेघेच्या पलीकडं साहेब खुर्ची टाकून बसलेला, बाजूला त्याचा चपराशी हातात सुरई घेऊन उभा. पहिली रेघ आली. दादांचा अख्खा देह मागं रेटलेला मला लांबून दिसला. मोटार थांबली नाही. दुसरी रेघ गेली. किंचाळलीसुद्धा नाही, पाण्यावरून होडी जावी तशी गुपचूप गेली. चपराशानं सुरई टाकली, साहेब खुर्चीसकट बाजूला झाला, आणि दादांनी चाक गरकन फिरवून मोटार बाभळीच्या काटेरी कुंपणात घातली तेव्हा कुठं ती उभी राहिली. कुणाला लागलं नाही. पण मायनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही तिथं तिची बोटं उमटलेली होती.

साहेब खोकत खोकत आला. वाकला, मागच्या चाकाच्या ढोलावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. 'एरंडी,' तो म्हणाला. मग सगळ्यांकडं पाहून म्हणाला, 'ब्रेकां में तेल किने डाला?'

सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते. ब्रेकला तेल म्हटल्यावर कुणीतरी फस्सकन हसलं. आबांना त्या हसण्याचा अर्थ कळला नव्हता. आपल्या कामाबद्दल विचारताहेत एवढं त्यांना कळलं, म्हणून पटका सारखा करून ते पुढं झाले. 'सायेब, चाक कोरडं पडलं व्हतं, म्हनून म्या...'

'मैं डाला साब,' दादा मध्येच म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की आबांचं पुढचं बोलणं राहूनच गेलं. 'मैंच डाला. सुबे.'

साहेबानं एकदा दादांकडं पाहिलं, एकदा आबांच्या काळ्या झालेल्या बोटांकडं. त्याला कळलं असावं, असं मला आज वाटतं. पण मैदानभर माणसं ऐकत होती आणि माणूस स्वतःच कबूल करून बसला होता. 'इत्ते साल से गाडी चला रा तू,' तो म्हणाला, 'बैलगाडी समझा क्या? बच्चे मरते ना किसी के.' दादा मान खाली घालून उभे. 'बिल्ला उतार.' ड्रायव्हरचा पितळी बिल्ला दादा छातीवर लावत. माय तो दर पासिंगला चिंचेनं घासून सोन्यासारखा करायची. दादांची बोटं काही केल्या पिन सोडवू शकेनात, तेव्हा मायच पुढं झाली, डोक्यावरचा पदर सावरला आणि तो काढून साहेबाच्या हातात ठेवला. सदऱ्याला दोन भोकं राहिली. पुढं कुणी हसलं नाही.

मोटार नापास, आणि ड्रायव्हरही. तिला रस्त्यावर आणायची नाही असा हुकूम. पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्यासाठी पुन्हा लिहायला नको. दादांना बिल्ला परत मिळाला, पण फार उशिरा. तोवर मुलखात राज्य बदलायची गडबड सुरू झाली होती, आणि मग ते जन्मभर दुसऱ्याच्या लाऱ्या चालवत राहिले. आमची मोटार परत रस्त्यावर आली नाही. तिच्या फळ्या निघाल्या त्या गोठ्याच्या दाराला लागल्या. मी लग्न होऊन जाईपर्यंत त्या दाराला कोळशाचा वास येत होता.

त्या दुपारी मात्र आम्ही चौघं मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसलो होतो आणि दशम्यांचं फडकं सोडायचं कुणालाच सुचत नव्हतं. औंढा राहिलंच. जिनिंगवरचे करीमचाचा, आबांचे जुने जोडीदार, त्यांना बातमी लागली तसे ते आपली बैलगाडी घेऊन आले. 'घेऊन जा, बाजाराच्या दिवशी आणून द्या,' म्हणाले आणि चालत परत गेले. आबांनी कासरा हातात घेतला. दादा मागं, पाय खाली सोडून, मैदानाकडं तोंड करून बसले.

करीमचाचांची गाडी भयंकर कुरकुरायची. गावाबाहेर पडलो आणि डावं चाक जे सुरू झालं, ते प्रत्येक फेऱ्याला एकदा, लेकरू हट्टानं रडतं तसं. आबा आता उतरतील म्हणून मी वाट पाहत होते. ते उतरले नाहीत. नळा त्यांच्या पायाशी होता. ओढा आला, गेला, चाक रडतंच होतं, आणि आबा समोर बघत नुसते बसलेले. तेव्हा मला कळलं की आबांना सगळं कळलं आहे. मैदानावर लोक कशाला हसले, दादांनी कुणाचं स्वतःवर घेतलं, बिल्ला कुणापायी गेला, सगळं. मला रडू कोसळलं. मायनं मला जवळ ओढलं. असं कितीतरी वेळ चाललो. आयुष्यात पुढं मी पुष्कळ वाईट आवाज ऐकले, पण त्या चाकाइतकं मला काही असह्य झालं नाही.

शेवटी दादाच खाली उतरले. पुढं जाऊन बैलांना थांबवलं. आबांच्या पायाशी हात घालून नळा काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

'आबा, चाक रडून राहिलं.'

'रडू दे.'

'वंगण घाला.'

'नको रे बाबा,' आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. 'माझ्या हातानं नको. तूच घाल.'

'मला त्यातलं काय कळतंय?' दादा म्हणाले. 'बैलगाडीचं तुमीच बघायचं. उतरा बराबर. माझा हात धरा.'

आबा उतरले. चाकापाशी उकिडवे बसले. काडी नळ्यात बुडवली, पण चाकाकडं नेईनात, म्हणून दादांनी खाली बसून त्यांच्या हाताला आपला हात लावला, आणि दोघांनी मिळून त्या परक्या चाकाला वंगण घातलं. मग गाडी सुरू झाली. आवाज थांबला होता. बऱ्याच वेळानं मायनं फडकं सोडलं आणि एकेक दशमी सगळ्यांच्या हातावर ठेवली. आबांनी ती तशीच हातात धरून ठेवली. त्यांचे खांदे हलताहेत हे मागून मला दिसत होतं. दादा सरकत सरकत पुढं गेले, त्यांच्या शेजारी बसले, आणि त्यांच्या हातातला कासरा काढून घेऊन म्हणाले, 'खा आबा. मी हाकतो.'